शूर्पारक नगरी व तिचा परिसर

विरारहून मुंबईकडे निघालेल्या गाडीस पहिलेच स्थानक नालासोपारा हे लागते. गर्दीत उतरणाऱ्यास वा चढणाऱ्यास तेथे इकडेतिकडे पाहावयास सवड मिळत नाही, आणि मान वर करून पाहिलेच तर उंच इमारतींच्या दाट रांगांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांनी हे नाव गाडीच्या खिडकीतून वाचले असेल. परंतु महाभारतात ज्यास शूर्पारक म्हटले, पाली ग्रंथांत जे सुप्पारक झाले, ग्रीक नाविकांनी ज्याचे सूप्पारा असे नाव टिपून ठेवले आणि अरब लेखकांनी ज्यास सुबारा म्हटले, ते पश्चिम किनाऱ्यावरचे प्राचीन बंदर हेच, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ह्या नगरीत व तिच्या आसपास पाहावयासारखे काय आहे, ते सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता व त्यांस बरोबर नेणाऱ्या पालकांकरिता येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या जागेचा व आपला संबंध लक्षात घेतला पाहिजे. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मोखाड्याच्या मुलखातून खाली उतरते, आणि अर्नाळ्याजवळ समुद्रास मिळते. जव्हार-मोखाड्याच्या दऱ्यांतून वाहणारी पिंजाळ नदीही वाटेत तिलाच येऊन मिळते. तेव्हा आपल्या शेताच्या बांधावरून आषाढात जे गढूळ पाणी वाहून जाते, त्याची शेवटची वाट सोपाऱ्याच्या शेजारून जाते. प्राचीन काळी उत्तरेस वैतरणेचे मुख व दक्षिणेस वसईची खाडी ह्यांच्यामध्ये एक खाडी आतून फिरत असे, आणि तिच्या काठी हे बंदर वसले होते. उघड्या समुद्राचा मारा नाही, भरतीचे पाणी गावापर्यंत येते, आणि पाठीमागे घाटाकडे जाणाऱ्या वाटा आहेत, अशी ती सोयीची जागा होती. नाशिक-त्र्यंबकाहून जव्हारमार्गे किनाऱ्याकडे उतरणारी वाट किती वाहती होती हे सांगावयास एवढे पुरे की, १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले ते ह्याच बाजूने.

शूर्पारक ह्या नावाविषयी एक मौजेची गोष्ट आहे. शूर्प म्हणजे सूप. परशुरामाने सर्व पृथ्वी दान केल्यावर त्यास राहावयास जागा उरली नाही, तेव्हा समुद्राने त्याच्यासाठी शूर्पारक देश मोकळा करून दिला, अशी कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. आणि वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करीत येथे आल्याचे वर्णन आहे. इकडे सोपाऱ्यातील लोक गावाबाहेरच्या एका जुन्या टेकाडास पिढ्यान् पिढ्या 'बुरुड राजाचा किल्ला' म्हणत आले. सुपे विणतो तो बुरुड. संस्कृत नावातले सूप व लोकांच्या तोंडचा बुरुड राजा ह्यांची सांगड कोणी कधी घातली हे सांगता येणार नाही. परंतु ज्यांच्या घरी बांबूची सुपे-टोपल्या रोजच्या वापरात आहेत, त्या आपल्या डोंगरातल्या मुलांस ह्या राजाविषयी अधिक आपुलकी वाटावयास हरकत नाही.

आता ग्रीकांकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्त देशात राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. तिचे नाव 'पेरिप्लस'. लेखकाने आपले नाव दिलेले नाही. पण मनुष्य मोठा चौकस व व्यवहारी होता ह्यात शंका नाही. कोणत्या महिन्यात निघावे, कोठे खडक आहेत, कोठे वाटाड्या घ्यावा, कोणत्या पेठेत कोणता माल खपतो, हे सर्व तो सांगतो. मोसमी वाऱ्याचा लाभ घेऊन जहाजे ईजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघत व भर समुद्रातून थेट आपल्या किनाऱ्याकडे येत. त्या काळी ह्या बाजूची मुख्य पेठ भरुच होती. तेथे इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे व काच उतरे, आणि तेथून हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी असा माल चढे. पैठणहून व तगर म्हणजे तेरहून गाड्यांवर लादून माल बिकट वाटांनी तेथवर येत असे. भरुचच्या दक्षिणेस असलेल्या पेठांत हा लेखक सूप्पारा व कल्लिएना ही नावे घेतो. कल्लिएना म्हणजे कल्याण. एका राजाच्या अमदानीत कल्याण ही रीतसर मोकळी पेठ होती, परंतु सत्ता बदलल्यावर तेथे अडथळा सुरू झाला आणि ग्रीक गलबत चुकून तेथे आलेच तर त्यावर पहारा बसवून ते भरुचास नेण्यात येई, असे तो लिहितो. म्हणजे व्यापारातील जकात, चढाओढ व नाकेबंदी ह्या गोष्टी काही आपल्या काळातच निघाल्या नाहीत! पुढच्या शतकात टॉलेमी नावाच्या भूगोलकारानेही सोपाऱ्याची नोंद केली आहे.

ग्रीक मनुष्य ह्या किनाऱ्यावर केवळ नफ्याकरिताच आला असे मात्र समजू नये. सिंहलद्वीपाच्या 'महावंस' नामक पाली ग्रंथात असे सांगितले आहे की, अशोकाच्या वेळी निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक पाठविण्यात आले, त्यांपैकी अपरान्तात, म्हणजे ह्या पश्चिम किनारपट्टीत, जो आला त्याचे नाव धम्मरक्खित असून तो योन, म्हणजे यवन होता. यवन हा शब्द त्या काळी ग्रीकांस लावीत. मायदेश व भाषा मागे टाकून परक्या लोकांत उपदेश करावयास आलेला मिशनरी आम्ही ह्या शाळेत अनेक वेळा ऐकला-वाचला आहे. तसाच एक, येशू ख्रिस्ताच्या आधी दोनअडीचशे वर्षे, ह्याच किनाऱ्यावर येऊन गेला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.

बौद्ध ग्रंथांत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. हा एका श्रीमंत घरातील दासीचा मुलगा. समुद्रावर अनेक सफरी करून त्याने धन मिळविले आणि मग सर्व सोडून तो बुद्धाचा भिक्षू झाला. आपल्या देशाच्या लोकांत, अपरान्तात, परत जाण्याची आज्ञा त्याने मागितली, तेव्हा बुद्धाने विचारले, ते लोक तापट व कठोर आहेत, ते तुला शिव्या देतील, मग काय करशील? पूर्ण म्हणाला, हात उगारीत नाहीत, म्हणून भले आहेत असे म्हणेन. हात उगारला तर? दगड मारीत नाहीत, म्हणून भले म्हणेन. असे एक एक पायरी चढत प्रश्न अखेर जिवावर येतो, तरी पूर्णाचे उत्तर ढळत नाही. तेव्हा त्यास जाण्याची आज्ञा मिळाली. हे तापट व कठोर लोक किनाऱ्यामागच्या डोंगरातले, म्हणजे आपलेच पूर्वज, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा काही नाही. परंतु बैलगाडीच्या वाटेवरून भांडणारी दोन माणसे पाहिली म्हणजे कथा खरी वाटू लागते.

आता प्रत्यक्ष पाहावयाच्या स्थळांकडे. स्थानकाच्या पश्चिमेस जुन्या सोपारा गावाच्या वाटेने गेले असता एका कुंपणाच्या आत विटांचे एक मोठे गोलसर टेकाड दिसते. हाच तो बुरुड राजाचा किल्ला. वस्तुतः हा किल्ला नसून बौद्ध स्तूप आहे. ते सिद्ध करणाऱ्या पुरुषाचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी हे मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा शिलालेख लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो वाचावयाचा ध्यास घेऊन ते प्राचीन लिप्यांचे गाढे पंडित झाले. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी देशभर हिंडून लेखांच्या नकला घेतल्या. १८८२ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी हे टेकाड मध्यावर खणविले.

आत विटांनी बांधलेल्या कोनाड्यात एक गोल, झाकण असलेली दगडी पेटी निघाली. झाकण दूर करताच मधोमध तांब्याचा एक करंडक व त्याच्या सभोवती मांडलेल्या आठ लहान बुद्धमूर्ती दिसल्या; सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या व एक पुढे व्हावयाच्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याची बारीक फुले पुष्कळ होती. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी ह्याचे एक चांदीचे नाणेही त्यांत होते. आणि सर्वांच्या आत, त्या सोन्याच्या डबीत, काय असावे? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या होत अशी त्या भाविकांची श्रद्धा होती असे पंडितजींनी अनुमान केले. पाच मौल्यवान आवरणांच्या आत ज्या वस्तूस जपले, ती कुंभाराच्या चाकावरची होती.

नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे. परंतु मूर्ती त्याहून पुष्कळ अलीकडच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या समजतात. ह्यावरून हा स्तूप मध्यंतरी केव्हातरी उघडून, मूर्ती आत ठेवून, पुन्हा बंद केला असावा. असे अनुमान कसे बांधतात ते मुलांनी ध्यानात घ्यावे. एका पेटीत दोन निरनिराळ्या काळांच्या वस्तू सापडल्या, तर पेटी शेवटची बंद झाल्याचा काळ त्यांतील सर्वांत अलीकडच्या वस्तूच्या मागे जाऊ शकत नाही. ही सर्व वस्तू मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहेत.

स्तूपाहूनही ज्याकरिता सोपाऱ्यास जावे ती वस्तू दिसावयास अगदी साधी आहे. त्याच १८८२ साली गावाच्या पूर्वेस भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा भगवानलालांच्या हाती आला. त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या काही अर्धवट ओळी होत्या. एकही वाक्य पुरते नव्हते. परंतु गिरनारचा लेख ज्यास पाठ, त्यास ती अक्षरे ओळखावयास किती वेळ लागणार? अशोकाने आपल्या राज्यात दूरदूरच्या ठिकाणी खडकांवर चौदा आज्ञालेख कोरविले होते. हा तुकडा त्यांपैकी आठव्या लेखाचा निघाला. एखाद्या ओळखीच्या अभंगाचे चार शब्द कानी पडले तरी आजी सबंध अभंग म्हणून दाखविते, तसाच हा प्रकार. आणि आठवा लेख येथे होता, त्या अर्थी चौदाही होते असे मानणे भाग आहे. तेराव्या लेखात अशोकाने आपल्या समकालीन ग्रीक राजांची नावे दिली आहेत: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग व अलिकसुंदर. तो लेख सोपाऱ्यास अद्याप सापडलेला नाही. परंतु बंदराच्या गावी ती नावे दगडात कोरलेली असावीत, आणि ग्रीक व्यापाऱ्याने ती कोणाकडून तरी वाचून घ्यावीत, ही कल्पना अगदीच निराधार नाही.

आठव्या लेखात काय आहे? सहलीस निघणाऱ्यांनी ते निघण्यापूर्वीच जाणून घ्यावे, कारण तो लेख सहलीविषयीच आहे. अशोक म्हणतो त्याचा भावार्थ असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे मौजेच्या प्रवासास जात, शिकार करीत व तशाच इतर करमणुकी करीत. माझ्या राज्याभिषेकास दहा वर्षे झाली तेव्हा मी संबोधीस गेलो. (संबोधी म्हणजे बोधगया असे बहुतेक विद्वान समजतात.) तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. तिच्यात काय घडते? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांस दान. वृद्धांचे दर्शन व त्यांस द्रव्यसाहाय्य. आणि जनपदातील, म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन, त्यांस धर्म सांगणे व त्यांच्याशी धर्माची विचारपूस करणे. ह्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही.

ह्यात एक शब्द आमच्या मनात विशेष भरतो. राजाने पाहावयाच्या वस्तूंची यादी केली तीत राजवाडे नाहीत, तळी नाहीत, देवळेही नाहीत. तीत माणसे आहेत, आणि त्यांतही जनपदाची माणसे. दर्शन हा शब्द आपण देवाकरिता राखून ठेवला आहे. त्याने तो खेडुतांकरिता वापरला. आमच्याकडे शहरातील मंडळी धबधबे व जयविलास राजवाडा पाहावयास येतात, पाड्यावरच्या घरांची छायाचित्रे काढतात आणि घरात कोण राहते हे न विचारता निघून जातात. ती विहारयात्रा होय. आता आपण खाली उतरून त्यांच्या मुलखात जाणार, तेव्हा आपली यात्रा कोणत्या जातीची होते हे पाहावयाचे आहे.

सोपाऱ्यातच चक्रेश्वराचे तळे व मंदिर आहे. मंदिर फार जुने नाही. परंतु त्याच्या आवारात जुन्या देवळांचे कोरीव दगड व मूर्ती जपून ठेविल्या आहेत, त्यांत ब्रह्मदेवाची उभी मूर्ती अवश्य पाहावी. ब्रह्मदेवाच्या मूर्ती थोड्या, आणि इतक्या चांगल्या त्याहून थोड्या. बाराव्या शतकात येथे शिलाहारांचे राज्य होते. त्या वंशातील अपरादित्य राजाने काश्मीरातील पंडितांच्या सभेस शूर्पारकाहून तेजःकंठ नावाचा विद्वान आपला वकील म्हणून पाठविला होता. मंख कवीच्या 'श्रीकंठचरित' काव्यात त्याचा उल्लेख आहे. पश्चिमेस निर्मळ हे रम्य गाव असून तेथे शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे व कार्तिक महिन्यात मोठी जत्रा भरते. उत्तरेस विरारच्या जीवधन डोंगरावर खडकात खोदलेल्या जुन्या लेण्या व जीवदानी देवीचे स्थान आहे. आपल्या मुलांस त्या पायऱ्यांची काय मातब्बरी! बरोबर आलेल्या पालकांनी मात्र उन्हाच्या आधी चढावे.

सोपाऱ्यात उतरलेल्या प्रवाशाच्या सोयीची एक जुनी नोंद नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी कोरविलेल्या लेखात आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन व शोर्पारग येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या; दमणा, तापी, दाहणुका इत्यादी नद्यांवर फुकट होड्या ठेविल्या; आणि नाणंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे तपस्व्यांच्या मठांस दिली. दाहणुका म्हणजे डहाणूची नदी; नाणंगोल म्हणजे बहुतेक नारगोळ. आपल्याच जिल्ह्यातल्या नदीवर एकोणीसशे वर्षांपूर्वी मोफत तर होती हे वाचून, पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत काठावर दप्तर घेऊन बसणाऱ्या मुलांस काय वाटेल ते त्यांनीच सांगावे.

ख्रिस्ती मंडळासही सोपाऱ्याचे स्मरण ठेवावयास कारण आहे. शलमोन राजाची जहाजे ओफीराहून सोने आणीत असे शास्त्रात आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीराचे रूप सोफीर असे येते. त्यावरून ओफीर म्हणजे सोपारा असे काही पंडितांनी म्हटले. इतर कोणी ते अरबस्तानात तर कोणी आफ्रिकेत मानतात, तेव्हा ह्यावर फार भर देऊ नये. परंतु चौदाव्या शतकातील गोष्ट निश्चित आहे. १३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. त्यांचा सोबती जॉर्डानस हा त्या वेळी सोपाऱ्याकडे गेला होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे थोड्याच वर्षांत ओडोरिक नामक प्रवासी साधूने त्यांच्या अस्थी काढून समुद्रमार्गे चीन देशात नेल्या. पोर्तुगीजांचे पहिले जहाज हिंदुस्थानास लागण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे येथे ख्रिस्ती लोक होते, हे ह्या गोष्टीवरून उघड होते.

एवढे मोठे बंदर मग गेले कोठे? ते कोणा शत्रूने जाळले नाही. खाडी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली, आणि व्यापार ठाणे, चौल व वसईकडे सरकला. हेच ग्रीक जगात इफिस नगराचे झाले. संत पौलाच्या वेळी इफिस हे आशियातील अग्रगण्य बंदर होते. केस्टर नदीच्या गाळाने ते बुजले व आज त्याचे अवशेष समुद्रापासून काही मैल आत कोरड्या जमिनीवर उभे आहेत. जेथे पौलाने इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतला त्या मिलेताचीही तीच गत झाली. फरक इतकाच की, इफिस ओसाड पडल्यामुळे त्याचे स्तंभ, रंगभूमी व रस्ते राहिले. सोपारा वसते राहिले, म्हणून त्याचे दगड घरांच्या पायांत, विहिरींच्या काठांत व देवळांच्या पायऱ्यांत गेले. गावाचे भाग्य ते इतिहासाचे दुर्दैव झाले. गेल्या काही वर्षांत तर वस्ती इतक्या झपाट्याने वाढली की, जुने तळे कोठे होते हे विचारावयास म्हातारा माणूस शोधावा लागतो.

दक्षिणेस वसईचा किल्ला आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे थोडेच सांगतो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांस मिळाली व दोनशे वर्षे ते उत्तरेकडील त्यांचे मुख्य ठाणे होते. तटाच्या आत पडकी देवळे, मठ व वाडे रानात उभे आहेत. संत जोसेफच्या मुख्य देवळाचा मनोरा दुरून दिसतो. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म ह्याच वसईत झाला. त्यांची आई वसईची होती. व्यापारानिमित्त ते जपानास गेले, पुढे साधू झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेल्यांपैकी तो मान मिळविणारे ते पहिले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मोठ्या वेढ्यानंतर किल्ला घेतला. त्या प्रसंगी हरलेल्यांस चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ दिले, ही गोष्ट विजयाइतकीच सांगण्यासारखी आहे. वसईची एक घंटा नाशिकास गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. आपण जव्हार-मोखाड्याचे लोक मधल्या जागी राहतो. एका बाजूस उतरून देऊळ पाहावे व दुसऱ्या बाजूस चढून त्याची घंटा पाहावी, ही सोय दुसऱ्यांस नाही.

उत्तरेस अर्नाळ्याचे बेट वैतरणेच्या मुखाशीच आहे. किनाऱ्यावरून होडीने जावे लागते. तेथील जलदुर्ग १७३७ साली मराठ्यांनी घेतला व नव्याने बांधला. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे. बुरुजावरून नदीचे पाणी समुद्रात मिसळताना दिसते. पावसाळ्यानंतर लवकर गेल्यास त्याचा तांबूस रंग ओळखू येतो.

आता अशोकाच्या यादीतील तिसरी बाब. ह्या टापूत सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी, मुसलमान व ख्रिस्ती असे नाना प्रकारचे लोक शेजारी नांदतात. बागाईत हा येथील जुना धंदा. केळी, पानवेल व भाजी ह्यांच्या वाड्या अजून आहेत. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात. सामवेदी लोकांची कादोडी व वाडवळांची वाडवळी ह्या बोली मराठीच्याच, तरी ऐकताना निराळ्या वाटतात. आपल्या मुलांच्या घरी वारली, कोकणी, ठाकरी वा कातकरी बोली चालते, आणि शाळेत ती बोलण्याची पुष्कळांस लाज वाटते. तेथील एखाद्या आजीबाईस पाऊस, भात, जाते, सून ह्यांस काय म्हणतात ते विचारावे, आपला शब्द तिला सांगावा, व दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहून आणावे. आणि जुनी खाडी कोठपर्यंत येत असे, हे एखाद्या वृद्ध कोळ्यास विचारावे. पुस्तकात नाही ते त्याच्याजवळ निघेल.

वाट सोपी आहे. वांगणीच्या बाजूने जव्हारास यावे, तेथून विक्रमगड-मनोरवरून मोठ्या रस्त्यास लागून विरार गाठावे. सोपारा व चक्रेश्वर एका दिवशी, वसई दुसऱ्या दिवशी, आणि अर्नाळा भरती-ओहोटी विचारून. आठव्या लेखाचा दगड आज सोपाऱ्यास नाही. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्याजवळ दुसराही एक आहे. १९५६ साली सोपाऱ्याच्या पश्चिमेस भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आजारपणात, लग्नात, मूल झाले असता वा प्रवासास निघताना लोक नाना मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ थोडे. दास व चाकर ह्यांच्याशी नीट वागणे, वडिलांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम, हे मंगल मोठे, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे चौदांपैकी दोन तुकडे मिळाले, आणि त्या दोहोंच्या शोधांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षे गेली. बाकीचे बारा लेख सोपाऱ्याच्या कोणत्या भिंतीत, कोणत्या तळ्याच्या गाळात वा कोणत्या इमारतीच्या पायाखाली आहेत हे कोणास ठाऊक नाही. सहलीत कोठेही काळ्या दगडावर रेघा-अक्षरे दिसली तर तो दगड हलवू नये, घासू नये, त्यावर खडू वा तेल फिरवू नये. जागा नीट लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे व शिक्षकांस दाखवावे. ब्राह्मीतील 'क' हे अक्षर बेरजेच्या चिन्हासारखे असते आणि 'ग' छपराच्या आढ्यासारखा. एवढी दोन ओळखता आली तरी आरंभास पुरे.